सोलापूरचं कारवानी कुत्रं जानेवारीत बर्फाच्या डोंगरावर न्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापूरचे एक जण सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकली की जानेवारीच्या शेवटी उत्तराखंडात नाग टिब्बा शिखरावर चाललेत, सोबत तीन वर्षांचं कारवानी कुत्रं, वजन २४ किलो, नाव मोती. त्यांचं म्हणणं असं की हवामान बघूनच निघणार, आकाश निरभ्र असेल त्याच दिवशी वर चढणार, एवढं ऊन असल्यावर थंडीचं काय घेऊन बसायचं, फक्त पायात बूट घालायचे का नाही तेवढं सांगा.

बुटांचं सांगतो की, पण जरा नंतर. मी सोलापुरात जनावरांचा दवाखाना चालवतो, वीसेक वर्षं झाली, आणि त्यातले आठ-नऊ हिवाळे आमची कुत्री घेऊन डोंगरात गेलोय. आमच्या कुत्रीचं नाव चिमणी (सोलापुरात चिमणी म्हणलं की लोकांना साखर कारखान्याची पाडलेली चिमणी आठवते, पण ही चार पायांची), ती पण कारवानीच, त्यामुळे तुमच्या मोतीसारख्या कुत्र्याचं मला पुस्तकापेक्षा अंगावर घेतलेलं जास्त माहीत आहे.

तुमचा हिशोब असा आहे की ढग म्हणजे धोका आणि ऊन म्हणजे सेफ. मी उलटं बघितलंय. ढगाळ दिवशी भुरभुर बर्फ पडायला लागला की आपण स्वतःच घाबरतो, लवकर खाली येतो, कुत्र्याकडे दर दहा मिनिटाला बघतो. निरभ्र दिवशी आपण निवांत होतो, वर बसतो, फोटो काढतो, मॅगी करतो, आणि कुत्र्याची वाट लागते ती त्या बसण्यात. चालताना कुत्रं गारठत नाही, थांबल्यावर गारठतं. कंटाळा आला तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल.

आता निरभ्र दिवस म्हणजे नेमकं काय ते बघा. तिकडं हिवाळ्यात बर्फ पडतो तो पश्चिमी झंझावातामुळं, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या ढगाळ वादळी हवेमुळं, तो दोन-तीन दिवस राहतो आणि पुढं सरकला की आकाश एकदम निळं होतं. पण ढगांची गोधडी निघाली की रात्री जमिनीतली सगळी उष्णता वर उडून जाते. हे आपल्याकडं पण होतंय की, डिसेंबरात ज्या रात्री चांदण्या लख्ख दिसतात त्याच रात्री थंडी झोंबते आणि द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून बसतात. वर पण तेच, फक्त वीस अंश खाली. दिवसा उन्हानं बर्फाचा वरचा थर वितळतो, ते पाणी वाटेवर पसरतं आणि रात्री गोठून काच होते. म्हणजे तुम्ही जो दिवस मुद्दाम निवडणार तोच काचेचा दिवस असतो. त्यात गार हवा जड असल्यामुळं घळीत, नाल्यात, खोलगट जागी साचून राहते, त्यामुळं डोंगराच्या धारेवर ऊन खात बसलेला माणूस खाली नाल्यात उतरला की हाडं वाजायला लागतात.

आणि उंची. नाग टिब्बा ३,०२२ मीटर आहे, आपण राहतो साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर. हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश उतरतात, म्हणजे नुसत्या उंचीनंच पंधरा-सोळा अंश गेले, उत्तरेकडची थंडी वेगळीच. जानेवारीत आपल्याकडं दुपारी ३० अंशात पंखा लावून झोपणारं कुत्रं चार दिवसात तिथं उभं राहणार. कुत्र्याच्या अंगावर थंडीची लव येते ती दिवस लहान व्हायला लागल्यावर हळूहळू, आठवडे लागतात, आणि सोलापूरच्या कुत्र्याला ती मुळात नावालाच येते. गाडीतून उतरल्यावर येणार नाही.

म्हणून कुठलं कुत्रं यावर सगळं अवलंबून आहे, सरसकट हो किंवा नाही मी सांगू शकत नाही. हस्की बर्फात लोळतानाचे व्हिडिओ बघून अंदाज बांधू नका, त्याच्या अंगावर दोन थरांचा कोट असतो. लॅब्रॅडॉर पण बराच निभावतो, चरबी असते. कारवानी म्हणजे हाडं, स्नायू आणि वरून एक पातळ कातडं, पळण्यासाठी बनवलेलं जनावर, माळावर सशामागं सोडा आणि बघा, पण शेगडीत कोळसाच कमी. पश्मी (कारवानीचाच लांब केसांचा भाऊ) असेल तर कानाला, शेपटीला झालर असते, दिसायला उबदार वाटते पण त्या झालरीला बर्फाचे गोळे लटकतात, उपयोग कमी आणि त्रास जास्त. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्यांना मी नेऊच देत नाही. वर्षाच्या आतलं पिल्लू, सांधे धरलेलं म्हातारं कुत्रं, नुकतं आजारातून उठलेलं, यांनाही नाही. तुमचा मोती तीन वर्षांचा, तब्येतीनं चांगला, म्हणजे जाऊ शकतो, पण कोट घालून आणि घड्याळ बघून.

माझी चूक सांगतो, म्हणजे घड्याळ का म्हणतोय ते कळेल. हिमाचलात एका धारेवर, असाच कडक निरभ्र दिवस, आम्ही तिघं आणि चिमणी. साडेअकराला वर पोचलो, वारा नाही, जॅकेट काढून बसलो एवढं ऊन. चिमणी बर्फावरच आडवी झाली, डोळे मिटून, तोंडावर ऊन, आम्ही म्हणलं काय मजा करतीय बघा. चहा, मॅगी, परत चहा, पाऊणएक तास गेला. अंग वरून उन्हात आणि पोट खाली बर्फावर, पोटाला तर कारवानीच्या केस जवळजवळ नसतातच. उठली तेव्हा शेपूट पोटाशी आणि पाठीची कमान, मी बघितलं पण मनावर घेतलं नाही. उतरायची वाट उत्तरेच्या बाजूनं, पूर्ण सावली. दहा मिनिटात ती थरथरायला लागली, मग दर थोड्या वेळानं थांबायला लागली, मला वाटलं हट्ट करतीय, पट्टा ओढला. डॉक्टर असून ओढला. मग ती बसलीच. थोड्या वेळानं थरथर कमी झाली आणि मी बरोबरच्या लोकांना सांगितलं की आता बरं वाटतंय तिला. बरं वाटत नव्हतं, थरथरायला लागणारी ताकदच संपत आली होती. जॅकेटमध्ये गुंडाळून आळीपाळीनं उचलून आणली, चोवीस किलो, काचेसारख्या वाटेवर, आमच्यातला एक जण दोनदा पडला. खाली झोपडीत थर्मामीटर लावला तर ९४ फॅरेनहाइट. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ असतं.

वाचली, पुढं सहा वर्षं डोंगर चढली. पण त्या दिवसापासून माझा नियम आहे, बर्फावर दहा मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर पहिलं काम कुत्र्याच्या खाली काहीतरी टाकायचं, चहा नंतर. फोमची मॅट दुमडून टाकली तरी बास. आणि दोन वाजायच्या आत सावलीची बाजू पार झाली पाहिजे, शिखर राहिलं तर राहिलं. पायथ्याच्या पंतवाडी गावाकडून चढताना नागदेवतेच्या देवळाच्या पुढं शिखरापर्यंतची वाट झाडीतून आहे, तिथं ऊन कमी पोचतं आणि बर्फ टिकून राहतो. देवळापाशी बारा वाजून गेले असतील तर मी तिथूनच नमस्कार करून परत फिरेन.

लक्षणं ओळखायला शिका, कारण कुत्रं बोलत नाही आणि कारवानी तर लई सोसतं. पाय एकेक करून उचलणं, शेपूट आत, पाठ कमानीसारखी, कान मागं, तुमच्या पायात घुटमळणं, हे सुरुवातीचं, ह्याच वेळी कोट घाला आणि चालायला लागा. मग थरथर. मग अडखळणं, हाक मारल्यावर उशिरा बघणं, कुठंही बसू बघणं. ही वेळ आली की शिखर-बिखर विसरा. वारा अडेल अशी जागा बघा, ओलं असेल तर कोरडं पुसा, आणि छाती-पोटाला ऊब द्या, पायांना नाही. कोमट पाण्याची बाटली मोज्यात घालून छातीला लावा आणि कुत्र्यासकट स्वतः पांघरुणात शिरा, तुमचं अंग हीच चांगली शेगडी. तिकडं खोलीत बुखारी (लाकडाची लोखंडी शेगडी) पेटवलेली असते, तिला चिकटून झोपवू नका, बधिर कातडीला चटका कळत नाही. शुद्धीत असेल, गिळत असेल तर कोमट गूळपाणी थोडं थोडं.

आणि कोणीतरी नक्की म्हणणार, दो ढक्कन रम पिला दो साहब. देऊ नका. माणसात पण हा गैरसमजच आहे, दारूनं कातडीकडं रक्त येतं म्हणून गरम वाटतं पण आतली ऊब बाहेर जाते, आणि कुत्र्याला तर दारू विषच.

कानाची टोकं, शेपटीचं टोक, ह्या जागा कारवानीत पहिल्या गोठतात. फिकट, गार, कडक लागल्या तर चोळू नका, बर्फानं तर अजिबात नाही (हा सल्ला अजून लोक देतात). हातात धरून किंवा कोमट पाण्यानं हळूहळू, आणि परत गारठायची शक्यता असेल तर खाली येईपर्यंत तेही करू नका, एकदा सुटून परत गोठलं तर जास्त नुकसान होतं.

कोटाबद्दल. इथं मी आपल्याच लोकांच्या विरोधात बोलणार आहे. सोलापुरी चादर नेऊ नका. मला चादरीचा अभिमान आहे, घरात सहा आहेत, पण ती सुती, ओली झाली की पाणी धरून बसते आणि अंगाची ऊब ओढून घेते. त्यापेक्षा धनगरी घोंगडं, लोकरीचं, थोडं ओलं झालं तरी ऊब राखतं. मी एका जुन्या घोंगडीचा तुकडा कापून, छातीखाली आणि पोटाखाली पट्टे लावून चिमणीचा झूल शिवून घेतला होता, शिंप्यानं माप घेताना मला वेड्यात काढलं, पण त्यावर एक पातळ वॉटरप्रूफ कापड टाकलं की दुकानातल्या कोटाच्या तोडीस तोड. पोट झाकलं गेलं पाहिजे, ही मुख्य गोष्ट, नुसता पाठीवरचा झूल फोटोपुरता. चढताना काढा नाहीतर तापेल, थांबायच्या आधी घाला, थरथर सुटायची वाट बघू नका. पुसायला मात्र आपला सोलापुरी टॉवेल न्या, पाणी शोषतो म्हणूनच.

आता बर्फावरचा पट्टा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पट्टा तुमच्या कंबरेला बांधलेला दिसतोय, सपाट रस्त्यावर ठीक, काचबर्फाच्या उतारावर कधीच नाही. कुत्र्याला चार पाय आणि अठरा नखं आहेत, तुम्हाला दोन बूट. त्यानं एखादं माकड बघून झेप घेतली की आधी तुम्ही जाणार. मनगटाला गुंडाळायचा पण नाही, हातात धरायचा, सोडता येईल असा. गळ्यात कॉलर नको, हार्नेस हवा, पाठीवर धरायला मूठ असलेला, म्हणजे घसरताना उचलता येतं आणि मान आवळत नाही. चढताना कुत्रं पुढं, उतरताना मागं, हे घरी शिकवा, 'मागं' म्हणलं की मागं. हिप्परग्याच्या तलावाच्या बांधावर दोन आठवडे चढ-उतार केलात तरी एवढं जमेल. तुम्हाला स्वतःला बुटावर चढवायचे काटे, म्हणजे मायक्रोस्पाइक्स, लागतील, खाली गावात भाड्यानं मिळाले तर बघा, पण त्या भरवशावर राहू नका, घेऊनच जा.

फार अरुंद, एका बाजूला दरी अशी वाट काचेसारखी झाली असेल तर तिथं पट्ट्यावर की मोकळं, यावर लोक वाद घालतात. माझं उत्तर, तिथं जायचंच नाही.

हां, बूट. बर्फात उभ्या कुत्र्याचे पंजे लगेच का गोठत नाहीत, तर पायात गरम रक्त नेणाऱ्या आणि गार रक्त परत आणणाऱ्या नळ्या एकमेकींना चिकटून असतात, जाणारी येणारीला तापवते. म्हणून नुसत्या थंडीसाठी बूट अत्यावश्यक असं नाही. बूट लागतात ते कवची बर्फासाठी, वरचा थर कडक आणि पाय आत जातो, त्या धारेनं पंज्याचं आणि वरच्या मनगटाचं कातडं सोलतं, बर्फावर गुलाबी ठिपके दिसले की समजा. उलट निव्वळ काचबर्फावर बूट असले की नखांची पकड जाते आणि स्वस्त रबर थंडीत कडक होऊन आणखी घसरतं. म्हणजे घालायचे आणि काढायचे, दोन्ही. चार नाही, सहा न्या, दोन हरवतातच. आणि आत्तापासून घरात घालून फिरवा, पहिले चार दिवस मोती सर्कशीतल्या घोड्यासारखा पाय उचलेल, हसा आणि चालू द्या. पैसे वाया जाणार नाहीत, मे महिन्यात विजापूर रोडच्या डांबरावर हेच बूट कामाला येतील.

बूट नसतील तेव्हा बोटांच्या मधले केस कापा, पंज्याला व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा, खोबरेल थंडीत थिजतं तरी काम करतं. ऊन वाढलं की बर्फ ओला होतो आणि बोटांत गोळे अडकतात, कुत्रं थांबून चावायला लागलं तर ओढू नका, बसा, हाताच्या उबेनं गोळा सोडवा. नखं निघायच्या आठवड्यात कापू नका, तीच त्याची मायक्रोस्पाइक्स.

खाण्याचं. थंडीत भूक वाढते, नेहमीपेक्षा जास्त द्या पण थोडं थोडं. कारवानीची छाती खोल असते, भरपेट खाऊन लगेच चढवलं तर पोट फुगून पिळा बसायची भीती, ती थंडीपेक्षा वाईट. कडक भाकरी न्या, टिकते, दुधात किंवा कोमट पाण्यात कुस्करून दिली की धनगराच्या कुत्र्यासारखं चाटून खातं, वर उकडलेलं अंडं. शेंगाचटणी तुमच्यासाठी, त्याला नाही, लसूण असतो. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे, बेदाणे. आपण डोंगरात सुकामेवा खिशात घेऊन चालतो, आपल्या भागात तर बेदाणा घरचाच असतो, एक मूठ कुत्र्याला देणं सहज होतं. द्राक्ष आणि बेदाण्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, चॉकलेट पण नको. पाय दुखतोय म्हणून तुमच्या पाकिटातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर अजिबात नाही, इथं दवाखान्यात अशी कुत्री दरवर्षी येतात. पाणी कोमट करून थर्मासमध्ये, कारण कोरड्या हवेत ते खूप पाणी गमावतं आणि बर्फ खाऊन तहान भागवू बघतं, त्यानं आतून अजून गारठतं.

परवानगीचं विचारलं नाहीत पण सांगतो. तिकडचेच दुसरे ट्रेक बघाल तर केदारकांठा गोविंद अभयारण्याच्या हद्दीत येतो आणि तुंगनाथ-चोपता केदारनाथ अभयारण्यात, तिथं पाळीव कुत्रं नेण्याचा विचार नको. आपल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात कोणी कुत्रं घेऊन शिरला तर आपल्याला चालेल का, तसंच ते. नाग टिब्ब्याला पण वनखात्याच्या चौकीवर आधी विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. बिबट्या त्या सगळ्या पट्ट्यात आहे आणि कुत्रं त्याला आवडतं, तिकडच्या मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात काट्यांचे लोखंडी पट्टे उगाच नसतात. अंधार पडला की मोती तंबूत, तुमच्या शेजारी, बाहेर बांधायचा नाही.

रेल्वेनं जाणार असाल तर फर्स्ट एसीचा कूपे किंवा केबिन पूर्ण तुमचं असेल तरच सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, तिच्यात सोलापूर ते दिल्ली मी माझं कुत्रं पाठवणार नाही. रेबीजच्या लशीची नोंद आणि डॉक्टरचा दाखला दोन्ही लागतं, दाखला निघायच्या एक-दोन दिवस आधी घ्या.

शेवटचं, एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि मोतीचं घरी आठवडाभर रोज सकाळी तापमान घेऊन लिहून ठेवा, टोकाला थोडं व्हॅसलिन लावून मागून, एकानं समोर भाकरी धरायची आणि दुसऱ्यानं काम उरकायचं. वर गेल्यावर ९९ आलं तर ते मोतीसाठी कमी आहे की त्याचं नेहमीचंच तसं आहे, हे वहीत असलं तर तिथं डोकं खाजवत बसायला नको, आणि त्यालाही सवय झालेली असेल, नाहीतर थंडीत पहिल्यांदा प्रयत्न केलात तर चावेल.